बऱ्हाणपूरची वंशावळ, धुळ्याचा कलेक्टर आणि मेनफ्रेमचा बॅकअप

माझ्या नोकरीचा बराचसा वेळ काही मोजक्या फायली सांभाळण्यात जातो. त्या सगळ्या एकत्र केल्या तर मोबाईलवरच्या चार-दोन फोटोंएवढी जागा घेतील. पण त्या बिघडल्या तर ज्या मेनफ्रेमवर बँकेची लाखो खाती चालतात, ते यंत्र सुरूच होणार नाही.

मेनफ्रेम म्हणजे बँका आणि विमा कंपन्यांचा मोठा संगणक. आयबीएमने १९६४ साली सिस्टम ३६० जाहीर केली, आजची यंत्रे तिच्याच वंशातली. यंत्र सुरू होताना आधी 'पार्मलिब' नावाच्या संग्रहातल्या फायली वाचते. कोणत्या डिस्क जोडायच्या, कोणते प्रोग्राम आधी उठवायचे, कोणाला किती मेमरी द्यायची, हे सगळे तिथे लिहिलेले असते. या फायलींच्या नावाला शेवटी दोन अक्षरे किंवा आकडे असतात, ००, ०१ असे. बदल करायचा तर चालू फाईलला हात लावायचा नाही. तिची नक्कल नव्या आकड्याने करायची, बदल तिच्यात करायचा आणि जुनी तशीच ठेवायची. नवी फसली तर यंत्र जुन्या आकड्यावर उठवता येते.

दुसरी गोष्ट जागेची. नक्कल त्याच यंत्राच्या पोटात असेल तर यंत्र उठल्याशिवाय ती वाचता येत नाही, आणि ती वाचल्याशिवाय यंत्र उठत नाही. म्हणून एक लहानशी, स्वतंत्रपणे सुरू होणारी प्रणाली वेगळ्या डिस्कवर तयार ठेवतात, आणि आणखी एक नक्कल दुसऱ्या शहरात. तिसरी गोष्ट कॅटलॉगची. कोणती फाईल कोणत्या डिस्कवर आहे याची ती यादी. यादी गेली तर माहिती डिस्कवर जशीच्या तशी असते, फक्त नावाने मागितली तर सापडत नाही.

हे नियम शिकताना मला आमचा खानदेश आठवायचा. इथल्या एका वंशावळीची गोष्ट जवळपास याच नियमांची आहे.

फारुकी सुलतानांनी खानदेशावर १३८२ पासून १६०१ पर्यंत राज्य केले. सुरुवात आजच्या धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला झाली. तापीकाठी त्यांचे मकबरे अजून उभे आहेत. पुढे राजधानी बऱ्हाणपूरला गेली. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि घराणे संपले. सव्वादोनशे वर्षांच्या राज्याचे दप्तर केवढे असेल! पण या घराण्याचा स्वतःचा, दरबारात लिहिलेला सलग इतिहास आपल्यापर्यंत पोचलेला नाही.

तीन वर्षांनी, १६०४ मध्ये, विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाची मुलगी अकबराच्या शहजादा दानियालला दिली गेली. वधूच्या काफिल्याबरोबर विजापूरचा इतिहासकार फरिश्ताही निघाला आणि बऱ्हाणपूरला पोचला. तिथे त्याने फारुकींच्या इतिहासाची चौकशी केली. तो सांगतो की सलग इतिहास मिळाला नाही, पण फारुकींच्या ग्रंथालयातून आलेल्या एका किताबीत वंशावळ सापडली, ती त्याने उतरून घेतली. ग्रंथालय विखुरले, ती मूळ किताब कुठे गेली देव जाणे, पण फरिश्ताची नक्कल विजापूरला गेली आणि टिकली. फरिश्ताने स्वतःचा ग्रंथही दोनदा सिद्ध केला. पहिली आवृत्ती १६०६ च्या सुमाराची, दुसरी तीन-चार वर्षांनंतरची. आमच्या भाषेत ००, ०१.

या वंशावळीची आणखी एक नक्कल आहे, आणि ती दगडात आहे. राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकी याने बऱ्हाणपूरची जामा मशीद बांधली. तिच्यात अरबीबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे, शके १५११ चा, म्हणजे १५९० च्या आसपासचा. त्यात बांधणाऱ्याची वंशरेषा कोरलेली आहे. मशिदीत संस्कृत कसे, याचेच आपल्याकडे कौतुक होते, आणि ते व्हावेही. मला मात्र त्याचा उपयोग जास्त मोलाचा वाटतो. एक प्रत कागदावर, फारसीत, विजापूरला. दुसरी दगडावर, संस्कृतात, बऱ्हाणपूरला. एकीतली चूक दुसरीवरून पकडता येते.

आता धुळ्याकडे येतो. १८१८ साली पेशवाई संपल्यावर खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याकडे आला. त्याने मुख्यालय धुळ्याला केले आणि शहराची नवी पेठ वसवली. हाच ब्रिग्ज फरिश्ताचे इंग्रजी भाषांतर करत होता. पण ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, पुण्याच्या संगमावरची ब्रिटिश रेसिडेन्सी जाळली गेली आणि तिथे ठेवलेली ब्रिग्जची हस्तलिखिते गेली. अनेक वर्षांचे काम एकाच इमारतीत होते. रेसिडेंट एल्फिन्स्टनची पुस्तकेही त्याच आगीत गेली.

ब्रिग्जने काम पुन्हा उभे केले. भाषांतराचे चार खंड १८२९ मध्ये लंडनला निघाले. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते १८३१ चे काम. त्या वर्षी मूळ फारसी ग्रंथ मुंबईत शिळाप्रेसवर छापला गेला, आणि संपादनात त्याचे मुन्शी मीर खैरात अली खान 'मुश्ताक' होते. मुन्शींचे नाव आपल्या लोकांनाही सहसा माहीत नसते. ब्रिग्जचे भाषांतर जागोजागी सैल आहे, काही भाग त्याने गाळले आहेत, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. ते दाखवता आले, कारण मूळ प्रत वेगळी छापलेली होती. भाषांतर सांभाळून मूळ टाकून दिले असते, तर फरिश्ता म्हणून ब्रिग्जच वाचावा लागला असता.

कागद नसेल तर काय होते, हे खानदेशाने पुढे पाहिले. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनामांची चौकशी सुरू झाली. कायद्यात दख्खन आणि दक्षिण मराठा मुलुखाबरोबर खानदेशचे नाव होते. इनाम कमिशनपुढे सनद दाखवायची होती. मशिदी, दर्गे, देवळे, काझी, देशमुख सगळे त्या तपासाखाली आले. पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट असूनही कागदाचा पुरावा नसलेला माणूस तिथे अडचणीत आला.

२०२५ मध्ये पुन्हा तीच घाई झाली. जून २०२५ मध्ये केंद्राचे 'उमीद' पोर्टल सुरू झाले आणि वक्फ मिळकतींची माहिती त्यावर चढवण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली गेली. आपल्या भागातल्या काही विश्वस्तांबरोबर मी बसलो होतो. सनद होती, बासनात नीट गुंडाळलेली. पण सनदेत जुना सर्व्हे नंबर होता आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर आहे. १९४७ च्या कायद्याने जमिनींचे एकत्रीकरण झाले, तेव्हा गावोगाव नंबर बदलले. जुना नंबर कोणत्या गटात गेला ते सांगणारा एकत्रीकरणाचा उतारा कोणी काढून ठेवला नव्हता. तो नसेल तर सनद अस्सल असूनही जमिनीपर्यंत पोचत नाही. माझ्या धंद्यात याला कॅटलॉग गेला म्हणतात.

जिल्ह्याचेही तेच. १९०६ पर्यंत जळगाव आणि धुळे एकाच खानदेश जिल्ह्यात होते. त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली. म्हणून जळगावच्या गावाचा त्याआधीचा कागद शोधताना 'जिल्हा खानदेश, मुक्काम धुळे' हे डोक्यात ठेवून बसावे लागते.

त्या विश्वस्तांनी शेवटी एक साधे काम केले. शंभर पानी वही घेतली. प्रत्येक मिळकतीला एक पान दिले. सनदेची तारीख, जुना सर्व्हे नंबर, आजचा गट नंबर, फेरफार क्रमांक, मूळ कागद कोणाच्या घरी, प्रमाणित नक्कल कधी काढली. वहीच्या तीन नकला केल्या. एक मशिदीत, एक वकिलाकडे, एक भुसावळच्या नातेवाइकांकडे. दर रमजानआधी तिन्ही वह्या एकत्र आणून ताडून पाहायच्या असे ठरले आहे. पहिल्याच खेपेला वकिलाकडच्या वहीत दोन फेरफार क्रमांक उलटसुलट लिहिलेले निघाले.