गोणपाट ते बाक

आपल्या बुद्ध विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत तुम्ही चार शब्द लिहाच, असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. आम्ही काही कॉलेजात शिकलेलो नाही. गिरणीच्या पाळ्या करता करता जे वाचलं, त्याच्या आधारावर लिहीत आहोत. चूकभूल द्यावी घ्यावी.

विषय शाळेचा आहे, पण सुरुवात गिरणीपासून करतो. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं राबत होती, पण साचेखात्यात त्यांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेल्या धाग्याचा इतरांना विटाळ! पगार जास्त त्याच खात्यात, अन् बंदीही तिथेच. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. म्हणजे गिरणीत घेतलं, पण साच्यावर नाही. शाळेचा इतिहास नेमका असाच आहे. शाळेत घेतलं, पण बाकावर नाही. शाळेत नाव लागणं वेगळं आणि शाळा आपली होणं वेगळं, हेच आम्हाला या लेखात सांगायचं आहे.

१८४८ साली महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीमाई यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी फुल्यांच्याच शाळेत शिकली आणि १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या लोकांची दुःखं तिने त्यात निर्भीडपणे मांडली. मायेने शिकवलं की मुक्या लेकराला तोंड फुटतं, ते असं. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौदही अस्पृश्यांना खुला केला. पाटी दिली, तसं पाणीही दिलं.

आता साताऱ्याला या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी छोट्या भिवाचं नाव साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झालं. हजेरीपटावर नाव होतं, पण बसायला वर्गाचा कोपरा. खाली घ्यायचं गोणपाट घरून आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. नळाला स्वतः हात लावायचा नाही; शिपायाने तोटी सोडली तर पाणी, नाहीतर तहानेनेच बसायचं. हे सारं बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात स्वतः लिहून ठेवलं आहे. नऊ वर्षांच्या लेकराच्या मनावर काय बीतली असेल, याचा प्रत्येक आईबापाने विचार करावा. त्या दाखल्याची आठवण म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळला जातो. पण फोटोला हार घालताना ते गोणपाट विसरून चालणार नाही.

पुढे दिवस पालटू लागले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एकाच शाळेत बसवली. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे मंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळाही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. पण कागद बोलला तरी माणसं बोलली नाहीत. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावंच लागलं.

आणि पुन्हा तेच सातारा पाहा. १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथे एकत्र राहत, एकत्र राबत, एका पंगतीत जेवत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने मोडले. ज्या गावात एका लेकराला गोणपाटावर बसवलं, त्याच गावात चोवीस वर्षांनी एका पंगतीत सर्वांची पानं मांडली गेली. गाव तेच होतं, शाळा चालवणाऱ्याचं मन वेगळं होतं.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. भेद सोसलेल्या माणसाने दार मात्र सर्वांना उघडलं. हा आपला वारसा.

आज कायदा आपल्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हीला मनाई केली. शाळेतल्या शिजवलेल्या जेवणासाठी स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितलं. तरी मध्यंतरी आपल्या अभ्यासिकेतलं एक पोरगं शाळेत जाईना. ताप नाही, पोटदुखी नाही. खोदून विचारलं तेव्हा रडत म्हणालं, "सवलतीवाले उभे राहा, असं म्हणतात. सगळे बघतात." आम्ही तिघे-चौघे शाळेत गेलो. भांडलो नाही, नीट समजावून सांगितलं. आता फॉर्म कचेरीत गुपचूप भरून घेतात. पोरगं पुन्हा शाळेत जाऊ लागलं आहे.

गोणपाट गेलं, पण त्याची सावली अजून वर्गात फिरते. म्हणून बंधूंनो आणि भगिनींनो, लेकरू घरी आलं की मार्क किती पडले हे मागाहून विचारा. आधी विचारा, कुणाशेजारी बसलास? डबा कुणाबरोबर खाल्लास? आणि तुझं पोर दुसऱ्या कुणाला टोचून बोलत नाही ना, हे स्वतःलाही विचारा. मैत्री आणि करुणा विहारात नुसती म्हणायची नसते, ती वर्गाच्या बाकावर दिसली पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!