देशवंडीहून निघालेली गाणी

लोककवी वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी नाशिकमध्ये गेले. यूट्यूब सुरू झालं त्याच्या पुढच्या वर्षी, २००५ मध्ये. त्यामुळे आंबेडकर जयंतीच्या एप्रिल महिन्यात महाराष्ट्रभरच्या मोबाइलवर ज्यांची गाणी वाजतात, त्या माणसाने स्वतः एकही गाणं इंटरनेटवर चढवलेलं नाही. ती चढवली लोकांनी. कोणी घरातल्या जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतली, कोणी जयंतीच्या स्टेजवर गायली आणि समोरच्याने मोबाइल धरला, कोणी नव्या ठेक्यावर बसवली. चॅनेलं अनेक, आवाज अनेक, शब्द एकाच माणसाचे.

नाशिकमध्ये आज घरी बसून गाणी करणारी मुलं पुष्कळ आहेत. लॅपटॉप, एक माइक, भिंतीला लावलेल्या गाद्या, आणि गाणं तयार. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. गाणं पन्नास ग्रुपांवर टाकलं जातं, खाली ‘ऐका आणि शेअर करा’ असं लिहिलं जातं आणि पुढे काहीच होत नाही. मग कोणीतरी पैसे देऊन व्ह्यूज घ्यायचा सल्ला देतं. आकडा वाढतो, पण ते गाणं गुणगुणणारा एकही माणूस भेटत नाही. या मुलांबद्दल मला मनापासून वाटतं, म्हणूनच हा मागोवा. कंपनीविना, जाहिरातीविना गाणं माणसांत पोचवण्याची विद्या त्यांच्याच जिल्ह्यात शंभरेक वर्षं मुरलेली आहे. ती कुठून आली, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात जुन्या नाशकातल्या तिळभांडेश्वर गल्लीपासून करावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे सावरकर बंधूंच्या ‘मित्रमेळा’ या क्रांतिकारक मंडळाची मुलं जमत. त्यांच्यात आबा दरेकर होते, म्हणजेच पुढे कवी गोविंद म्हणून ओळखले गेलेले गोविंद त्र्यंबक दरेकर. पायांनी अधू असलेल्या या माणसाच्या शब्दांना विलक्षण गती होती. त्यांची गाणी गणेशोत्सवात आणि शिवजयंतीला मेळ्यांतून म्हटली जात. मेळा हे त्या काळातलं गाण्याचं मोठंच वाहन होतं. दहा-वीस मुलं एका गाण्याची तालीम करत, घरोघरी आणि चौकाचौकांत ते म्हणत आणि दुसऱ्या दिवशी ऐकणारी पोरं तेच म्हणत फिरत. ‘लघु अभिनव भारत माला’ या नावाने त्या कवितांची छोटी पुस्तिका निघाली. ती प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, मालमत्ता जप्त झाली. मेळ्यांतून गायल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकेसाठी जन्मठेप! पाठ झालेलं गाणं जप्त करता येत नाही, आणि सरकारला भीती नेमकी त्याचीच होती.

तिळभांडेश्वर गल्लीतली माणसं आणि ज्यांच्याबद्दल आता सांगायचं आहे ती माणसं यांचं राजकारण एक नव्हतं, वस्ती एक नव्हती, जगणं तर मुळीच एक नव्हतं. एकाने दुसऱ्याकडून काही घेतलं असा दावा मी करत नाही. दुसऱ्या वाटेचं मूळ सत्यशोधकांच्या जलशात आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि पुढे त्याच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचाच बाज घेऊन विचार सांगायला सुरुवात केली. गण, गौळण, बतावणी, वग ही चौकट गावाच्या ओळखीची होती. तिच्यात मजकूर नवा भरला. ऐकणाऱ्याला नवं काही शिकावं लागत नव्हतं, तो आपल्या ओळखीच्या ठिकाणीच बसलेला असे.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते जिल्हाभर फिरत होते, खेड्यांतून माणसं येत होती आणि हा लढा पुढे काही वर्षं चालला. इतका लांबलेला लढा भाषणांवर तगत नाही. भाषण एकदा ऐकलं की संपतं. सत्याग्रहाला आलेला माणूस गावी परतताना बरोबर काहीतरी घेऊन जावा लागतो, आणि त्याला ते वाचता येत नसलं तरी चाललं पाहिजे. याच धामधुमीत, १९३१ च्या सुमारास, भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांचा नाशिकचा जलसा उभा राहिला. आंबेडकरी जलशांच्या इतिहासात त्याचं नाव फार वरचं आहे. या कामाची हकिगत कर्डकांनी पुढे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या पुस्तकात स्वतः लिहून ठेवली. ज्यांना चळवळीतलं गाणं समजून घ्यायचं आहे, त्यांनी ते शोधून वाचावं.

जलशात ढोलकी, तुणतुणं, झांज आणि मागे झीलकरी असत. झीलकऱ्यांचं काम म्हणजे मुख्य गाणाऱ्याची ओळ उचलून पुन्हा म्हणायची, शेवट वर न्यायचा. दोन कडवी झाली की समोर बसलेली माणसंही झील ओढू लागतात, कारण ओळ साधी असते आणि ती पुन्हा येणार हे त्यांना ठाऊक असतं. रात्र सरेपर्यंत अर्धं गाणं वस्तीचं झालेलं असे. विषयही वस्तीचेच होते: पोराला शाळेत घालणं, मेलेली गुरं ओढायचं काम सोडणं, दारू, पाणवठा, देऊळ. आपले दहा मेळावे आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असं बाबासाहेब म्हणाल्याची आठवण जलसेकरी पुढच्या पिढ्यांना सांगत आले. शब्द नेमके कोणते होते हे बाजूला ठेवलं तरी त्यातला हिशेब खरा होता. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ती ज्या गावांनी उचलून धरली, त्या गावांत कान आधीच तयार झालेले होते.

आता वामनदादा. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, गाव सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. भीमराव कर्डक आणि वामन कर्डक ही दोन वेगळी माणसं. एकाच जिल्ह्यातली आणि एकाच आडनावाची असल्यामुळे इंटरनेटवर त्यांची सर्रास गल्लत होते. वामनदादा लहानपणी शाळेत गेले नाहीत. मुंबईत येऊन मिळेल ती मजुरी केली. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, देहलवी नावाच्या मास्तरांकडून आणि मग रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. पहिलं गाणं ३ मे १९४३ चं. ते एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर बेतलेलं होतं.

चाल उसनी घेतली म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. लोकांच्या तोंडात आधीच बसलेली चाल घेतली की नवे शब्द एका रात्रीत गावभर होतात. लिपी नको, पेटी शिकलेला माणूस नको, तबकडी तर नकोच. आज रील करणारा तरुण गाजत असलेल्या सुरावटीवर आपले शब्द टाकतो, तेव्हा तो हेच करत असतो.

पुढची साठेक वर्षं वामनदादा गात आणि लिहीत फिरले. ‘सांगत्ये ऐका’ या १९५९ च्या चित्रपटात त्यांचं गीत आहे, म्हणजे सिनेमाचं दार त्यांना बंद नव्हतं. पण त्यांचा मुक्काम वस्तीतच राहिला. ज्या कार्यकर्त्याकडे उतरायचे, त्याच्याच घरी बसून लिहायचे, रात्री तेच गायचे आणि सकाळी पुढच्या गावाला निघायचे. गाणं मात्र मागे राहायचं, त्या घरातल्या वहीत आणि तिथल्या गाणाऱ्या पोरांच्या गळ्यात. लोक त्यांच्या गाण्यांचा आकडा हजारांत सांगतात. मोजणार तरी कसा? ती एका कपाटात कधी नव्हतीच. पहिला संग्रह ‘वाटचाल’ निघाला १९७३ साली, म्हणजे पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी. पुस्तक निघालं तोवर वाचकाला गाणी पाठ होती.

त्यांनी माणसंही घडवली. जळगाव जिल्ह्यातले प्रतापसिंग बोदडे हे त्यांच्या शिष्यांतले. बोदडेंची गाणी पुढे आनंद शिंद्यांच्या आवाजात घराघरांत गेली. वामनदादांनी आपली जागा राखून ठेवली नाही, ती ते वाटत गेले. ज्या माणसाला आपण शिकवलं, तो आपलं गाणं आयुष्यभर गातो. दुसऱ्या कोणत्या प्रसिद्धीला एवढं आयुष्य असतं?

आणि बहुतेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’. संतांच्या अभंगांतून आणि शाहिरांच्या कवनांतून आलेली ही नाममुद्रा. गाणं कोणीही गावं, कुठेही गावं, कर्ता त्याच्याबरोबर चालत राहतो. लेबल नसलेल्या गाण्याचं लेबल ते हेच.

गाण्याच्या पसरण्याला हळूहळू बाजारही मिळाला, पण तो वेगळ्या जातीचा होता. ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची दीक्षाभूमी. तिथल्या पुस्तकांच्या दुकानांवर गाण्यांच्या छोट्या पुस्तिका मिळत, अगदी थोडक्या पैशांत. गावाकडून आलेला माणूस फोटो, दिनदर्शिका आणि गाण्याची एक पुस्तिका घेऊन परतायचा. चाळीत गायन पार्ट्यांचे सामने रंगत, सवाल-जवाब होत. श्रोता उठून बक्षीस देई आणि माइकवरून त्याचं नाव पुकारलं जाई. पैसा थोडा असे, पण आपलं नाव आपल्या माणसांत घेतलं जातंय यासाठी लोक देत.

कॅसेट आली आणि चित्र पालटलं. तबकडी काढणं मोठ्या कंपनीलाच परवडे. कॅसेट मात्र छोटा माणूसही काढू शकत होता, घरी तिची प्रतही करू शकत होता. १९८० च्या दशकात प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारखे आवाज एसटी स्टँडवरच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत पोचले. मेळ्यांच्या पुस्तिका गेल्या, त्या जागी कॅसेटी आल्या, मग सीडी, मग मेमरी कार्डात गाणी भरून देणारी मोबाइलची दुकानं. वाहन बदलत गेलं. गाणं लागतं ते प्रसंगाला, हे काही बदललं नाही. जयंती, परित्राण पाठ, नामकरण, लग्न, अंत्ययात्रा, या प्रत्येकाला गाणं हवं असतं. वामनदादांच्या परंपरेने ते लिहून ठेवलं होतं.

छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीतं गात दारोदार फिरायच्या. कोणीतरी त्यांचं गाणं मोबाइलवर टिपलं आणि ते लाखोंनी पाहिलं. बाहेरच्यांना ते अचानक घडल्यासारखं वाटलं. पण ऐकणाऱ्यांची जी पेठ त्यांना एका रात्रीत मिळाली, ती १९३१ पासून बांधली जात होती.

नाशिकच्या उत्तरेला, मालेगाव-सटाण्याकडे, तीच रीत अहिराणीत दिसते. सचिन कुमावत आणि त्यांच्यासारख्यांनी काढलेली खानदेशी गाणी कोटींच्या घरात पाहिली गेली. ‘हाई झुमकावाली पोर’ लग्नाच्या वरातीत वाजलं नाही असा हंगाम आठवत नाही. त्यामागे बँडवाले आहेत. गाणं आलं की बँडवाला ते बसवतो, वरातीत वाजवतो, नाचणारे त्याचा व्हिडिओ काढून टाकतात, तो पाहून पुढच्या गावची नवरीकडची मंडळी तेच गाणं मागतात. गाणाऱ्याने बँडवाल्याला आपलं मानलं तरच हे चाक फिरतं. (नाशिक ढोलचंही असंच झालं आहे. केरळात आणि मंगळूरकडे लग्ना-मिरवणुकीत ‘नासिक ढोल’ नावाने पथकं वाजतात. ते नाव तिथवर ऐकणाऱ्यांनी आणि वाजवणाऱ्यांनीच नेलं.)

म्हणून लिंक पन्नास ठिकाणी फेकणाऱ्या मुलाला सांगावंसं वाटतं: आधी पन्नास ठिकाणी जा. कोणाच्या बारशाला, कोणाच्या स्मृतिदिनाला, कोणत्या गणपतीपुढे तुझं गाणं म्हटलं जाईल, ते बघ. दुसऱ्याचं गाणं त्याच्या नावासकट गा. झील ओढता येईल अशी एक ओळ ठेव. ग्रुपवर आपलं गाणं टाकण्याआधी तिथे कोण काय गातंय ते सहा महिने ऐक. यात युक्ती कसलीच नाही. वेळ द्यावा लागतो, आणि वामनदादांनी तो आयुष्यभर दिला.

एक गोष्ट मात्र नव्या काळात खरोखर बिघडली आहे, आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. रील बहुतेकदा पंधरा-तीस सेकंदांचीच असते. तिच्यात बसतं ते धृपद. शेवटचं कडवं कापलं जातं आणि त्याबरोबर ‘वामन’ही कापला जातो. साठ वर्षं हजारो तोंडांतून फिरूनही न हरवलेलं नाव अर्ध्या मिनिटात गळून पडतं. मग तेच शब्द कोणाच्याही नावावर चढतात, ‘पारंपरिक’ असंही लिहिलं जातं. पारंपरिक कसलं? कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा रॉयल्टीतला वाटाही पक्का केला आहे. वह्या अजून कुठे कुठे घरांत आहेत, त्या लिहून घेणारे हात वयस्कर झाले आहेत. ज्यांच्याकडे त्या असतील त्यांनी पानांचे फोटो काढून ठेवावेत, तारीख आणि गाव लिहून. आणि जो कोणी त्यातलं गाणं आज गाऊन चढवेल, त्याने खालच्या मोकळ्या जागेत पहिल्याच ओळीत लिहावं: शब्द वामनदादा कर्डक, देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक.