तबला बंद करू का? : दांडिया बाजारातल्या आमच्या घराची गोष्ट

मागच्या रविवारी भाचीचा फोन आला. तिची मुलगी यंदा दहावीला. "माई मावशी, तबला वर्षभर बंद करू का? तू गणिताची बाई, तूच सांग." पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे असे फोन येतच असतात. पूर्वी उत्तर तोंडात तयार असायचं. या वेळी म्हटलं, दोन दिवस दे मला. त्या दोन दिवसांत जे जे आठवलं ते लिहिते आहे. लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातले. आजोबा सातारकडचे, सरकारी नोकरीसाठी इथे आले. सरकारी म्हणजे गायकवाड सरकारची. घरातून निघालं की एका अंगाला माणिकरावांचा आखाडा, दुसऱ्या अंगाला सूरसागरकाठी गायनशाळा. पुढे तिचं म्युझिक कॉलेज झालं, आणि आता ती युनिव्हर्सिटीची फॅकल्टी आहे. आमच्या घरात मात्र तिला कोणी गायनशाळेशिवाय दुसरं नाव दिलं नाही.

गुजराती शाळांच्या कामकाजात एक शब्द असतो, 'इतर प्रवृत्ति'. खेळ, गाणं, नाटक, स्काउट, सगळं त्या एका टोपलीत. मी स्वतः किती वर्षं तो शब्द सही ठोकून वापरला. पण सयाजीराव महाराजांच्या कामाचा नुसता क्रम लावून बघा. मौलाबक्षांची गायनशाळा 1886 ची. प्रोफेसर गज्जरांचं कलाभवन 1890 चं. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग अमरेलीत सुरू झाला तो 1893 साली, आणि सबंध राज्यात सक्ती आली 1906 ला. म्हणजे लेखन-वाचन सर्वांवर सक्तीचं होण्याआधी वीस वर्षं या गावात वर्ग भरवून, स्वरलिपी फळ्यावर लिहून गाणं शिकवत होते. 'इतर' कशाला म्हणायचं मग?

अर्थात महाराज हौसेखातर करत नव्हते. कलाभवनात रंगकाम, विणकाम, सुतारकाम शिकवत, ते पोटासाठीच. दादासाहेब फाळके चित्रकला आणि फोटोग्राफी शिकायला तिथेच आले होते. आखाड्याचंही तसंच. जुम्मादादांचा आखाडा माणिकरावांनी नावारूपाला आणला, कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी हिंदीत बसवले, आणि मोडलेली हाडं, निखळलेले सांधे बसवण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. व्यायाम ज्ञानकोशाचे दहा जाडजूड खंड याच गावातून मराठीत निघाले. व्यायामावर दहा खंड! लोक तेव्हा आखाड्याला अभ्यासच मानत असणार, नाहीतर इतकं लिहून कोण बसेल.

माणिकरावांना मी पाहिलेलं नाही. मला आठवतो तो खांबाला लावलेल्या एरंडेलाचा वास. माझा दादा मल्लखांब करायचा. आठव्या वर्षापासून. त्याचे कपडे आई वेगळे धुवायची, तरी तो वास जायचा नाही. मुलींना त्या वेळी खांब नव्हता, मी कडेला पायरीवर बसून बघायची. अढी, दसरंग, वेल, ही नावं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. दादा वर जाऊन खांबाच्या बोंडावर तोल सावरून एक पाय मागे सोडायचा तेव्हा वस्ताद काही बोलायचे नाहीत, फक्त मिशीवरून हात फिरवायचे. तेवढ्यावर दादा आठवडाभर खूश.

बाबांची गंमत अशी की त्यांना खेळाचं वेड कमी नव्हतं. मार्च 1947 मध्ये रणजीची फायनल बडोद्यात झाली, बडोदा विरुद्ध होळकर. विजय हजारे 288, गुलमहंमद 319, आणि दोघांची 577 ची भागीदारी. ती पुढे 2006 पर्यंत जगात कोणाला ओलांडता आली नाही. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे, कचेरीत खोटं आजारपण कळवून मैदानावर हजर. बडोद्याने डाव आणि 409 धावांनी सामना मारला. इंदूरच्या आमच्या आत्याबाईंना बाबा जन्मभर हा आकडा ऐकवत, आणि आत्याबाई उलट होळकरांनी चार वेळा रणजी जिंकल्याचं ऐकवत. दिवाळीतला ठरलेला कार्यक्रम.

आणि हेच बाबा परीक्षेच्या दिवसांत बॅट माळ्यावर टाकायचे.

लहानपणी मला ते ढोंग वाटायचं. आता वाटत नाही. सामन्यानंतर दोनच वर्षांत, 1 मे 1949 ला, राज्य मुंबई इलाख्यात विलीन झालं. हजाऱ्यांसारख्या खेळाडूंना, फैयाज खाँसाहेबांसारख्या गवयांना ज्या हाताने पोसलं तो हातच राहिला नाही. पुढे 1960 ला गुजरात वेगळा झाला. आमच्यासारख्या घरांकडे शेत नाही, दुकान नाही, गावात भाऊबंद नाहीत. होती ती फक्त नोकरी, आणि ती आता ओळखीने नव्हे, टक्क्यांनी मिळणार. तिकडे कोयलीला रिफायनरी उभी राहत होती, खताचा कारखाना आला होता, आणि तिथे भरतीला कोणी 'दसरंग येतो का' असं विचारत नव्हतं. बडोद्याची मराठी माणसं एका पिढीत मार्कांची झाली ती अशी. शौक मेला नव्हता, आधार गेला होता.

तर दादाची एस.एस.सी. तेव्हा अकरावीला असायची ती. सहामाहीत गणितात गडगडला. बाबांनी रागावून नाही, अगदी शांतपणे सांगितलं, "उद्यापासून आखाडा बंद." दादाने मान हलवली. बंद म्हणजे बंद. मार्चमध्ये त्याला अडुसष्ट टक्के पडले, त्या काळी पेढे वाटण्याइतके. डिप्लोमा झाला, नोकरी लागली, घर बांधलं, दोन मुलांची लग्नं केली. बाबांचं गणित बरोबर आलं म्हणायचं.

माझं कोणी काही बंद केलं नाही. मी गायनशाळेत जायची ते घरात सर्वांना चालत होतं, कारण मुलीचं गाणं स्थळं बघताना उपयोगी पडतं! माझ्याकडून मार्कांची अपेक्षाच नव्हती. म्हणून मी निवांतपणे गायले आणि निवांतपणे गणितही केलं. दादाला जे मिळालं नाही ते मला मिळालं, केवळ मी मुलगी म्हणून दुर्लक्षित होते म्हणून. यावर हसावं की काय करावं, मला अजून कळलेलं नाही.

आता माझा गुन्हा सांगते. शिक्षिका झाल्यावर मी बाबांचंच वाक्य वापरत गेले. एक मुलगा होता, पहाटे साडेपाचला आखाड्यात असायचा. आई चार घरी पोळ्या करायची. दहावीला त्याचं बीजगणित कच्चं, म्हणून मी आईला बोलावून सांगितलं, मार्चपर्यंत ते सगळं बंद करा. तिने ऐकलं, बाईंचा शब्द ना. मोकळा झालेला वेळ पुस्तकाकडे गेलाच नाही, तो ओटल्यावर गेला. पोरगा नापास झाला, आणि आखाड्यातही परतला नाही. पहाटे उठणं हाच त्याच्या दिवसाचा खिळा होता. तो मी उपटला.

पण दुसराही आहे. तो क्रिकेटमध्ये बरा होता, म्हणून मी त्याला कधी अडवलं नाही. तो कुठल्याच टीममध्ये लागला नाही. आज पंचेचाळिशीला आला, कामं धरतो, सोडतो. एकदा खंडेराव मार्केटात भाजी घेताना भेटला, म्हणाला, "बाई, त्या वेळी मला दोन थोबाडीत का नाही दिल्यात?" मी काय बोलणार? इकडे लोक म्हणतात, 'भण्यो पण गण्यो नहीं', शिकला पण शहाणा झाला नाही. या बिचाऱ्याचं भणणंही राहिलं आणि गणणंही.

असं सगळं डोक्यात घोळत होतं म्हणून सोमवारी दादाकडे गेले. शेव-उसळ घेऊन गेले, म्हणजे वहिनीची बोलणी खायची तयारी ठेवून. सरळ विचारलं, बाबांचं चुकलं का?

"छे, बाबांचं काही चुकलं नाही. मार्क पडायलाच हवे होते."

मग थोडं थांबून म्हणाला, "सव्वीस जानेवारीच्या प्रात्यक्षिकात माझी जागा ठरली होती. शेवटच्या मनोऱ्यात वरचा मीच. आणि मी वस्तादांना सांगायलासुद्धा गेलो नाही. लाज वाटली. परीक्षा झाल्यावर जाणार होतो, पण मग कोणत्या तोंडाने जायचं? आज उद्या करता करता राहूनच गेलं. वस्ताद गेल्याचंसुद्धा मला महिन्याने कळलं." साठ वर्षं होत आली या गोष्टीला. मी त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहते, आणि हे मी पहिल्यांदा ऐकलं.

रात्री भाचीला फोन लावला. म्हटलं, आधी तिला स्वतःला फोन दे. पोरीला विचारलं, तुला काय जमेल? ती म्हणाली, चार दिवस नाही जमणार, दोन दिवस जमेल, आणि प्रिलिमच्या महिन्यात तेही नाही. हिशोब माझ्यापेक्षा बरा होता. मी एकच अट घातली. गुरुजींना हे आईने नाही, तिने स्वतः जाऊन सांगायचं, आणि परत कधी येणार तो दिवसही सांगून यायचं.

काल जाऊन आली. गुरुजी म्हणाले म्हणे, "एप्रिलच्या पहिल्या सोमवारी. तोवर हात मऊ पडू देऊ नकोस."

जाता जाता, 1965-66 च्या सुमाराचा आखाड्यातल्या मल्लखांबाच्या मुलांचा फोटो कोणाच्या घरी असेल तर कृपया टाका. दादाला दाखवायचा आहे. डावीकडून तिसरा किंवा चौथा, कान मोठे, तो आमचा.