शिधापत्रिकेचे तीन रंग

शिधापत्रिका म्हटली कीं गरिबी, असें समीकरण हल्लीं रूढ झालें आहे. परंतु इतिहास पाहतां ही पत्रिका प्रथम केवळ गरिबांसाठीं नव्हती. ती सर्वांसाठीं होती, आणि तिचें खरें सामर्थ्य त्यांतच होतें, असें आम्हांस वाटतें.

१९४२ सालीं जपान्यांनीं ब्रह्मदेश जिंकला आणि तेथून येणारा तांदूळ बंद पडला. भाव कडाडले, दुकानांपुढें रांगा लागल्या, व १९४३ सालीं मुंबई शहरांत शिधावाटप सुरू झालें. धान्याचें प्रमाण कुटुंबांतील माणसें मोजून ठरे, मिळकत मोजून नव्हे. गिरणगांवच्या चाळींतील मजूर आणि मलबार टेकडीवरील शेठजी या दोघांसही पत्रिका लागे. त्याच वर्षीं बंगालमध्यें दुष्काळानें लक्षावधि माणसें मेलीं; कलकत्त्यास असें वाटप सुरू व्हावयास १९४४ उजाडलें.

पुढें जून १९९७ मध्यें केंद्र सरकारनें दारिद्र्यरेषेवरून कुटुंबांची विभागणी केली, आणि १९९९ पासून महाराष्ट्रांत पत्रिकांस पिवळा, केशरी व पांढरा असे तीन रंग आले. येथें कोणी म्हणेल कीं, तिजोरी मर्यादित असतां श्रीमंतास स्वस्त धान्य कां द्यावें? प्रश्न वाजवी आहे. परंतु ज्याची मजुरी रोज बदलते, त्याची वार्षिक मिळकत कोण मोजणार? पंधरा हजार रुपयांची मर्यादा थोडक्यानें ओलांडणारी मोलकरीण पिवळीऐवजीं केशरी पत्रिकेची धनी झाली. म्हणून तिची भूक कमी झाली काय? शिवाय, बोलकें मध्यमवर्गीय गिऱ्हाईक दुकानांतून गेलें, तेव्हां धान्यांतील खड्यांविषयीं तक्रार करणाराही गेला. तमिळनाडूनें मात्र आपलें दुकान सर्वांस खुलें ठेविलें.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें ही चूक पुष्कळशी सुधारली. खेड्यांतील शेंकडा ७५ व शहरांतील शेंकडा ५० लोकांपर्यंत स्वस्त धान्य पोंचविण्याची तरतूद त्यांत झाली. जें कृपेनें मिळे, तें हक्कानें मिळूं लागलें. तथापि ही संख्या २०११ च्या खानेसुमारीवरून बेतलेली होती. जेथें इष्टांक पुरा झाला, तेथें मागाहून जन्मलेल्या लेंकराच्या नांवास जागा मिळणें कठीण झालें.

१९४३ सालीं घरांत जेवणारीं माणसें किती, हा प्रश्न मुख्य होता. आजच्या यादींतही तोच प्रश्न प्रथम विचारला जावा, इतकेंच आमचें म्हणणें आहे.