उखळीचा सांधा आणि हरवलेले साडेतीन हजार

संगमनेरहून बोलतोय. आपल्याकडे कुणाचा खुबा बदलायचा म्हटलं की गाडी नाशिकला नाहीतर पुण्याला जाते. पेशंट घरी येतो, हळूहळू वॉकर सुटतो. पण आत नेमकं काय बसवलंय, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. आजचा भाग त्यावरच.

शाळेतला उखळीचा सांधा आठवा. वाटीत फिरणारा गोळा. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९५०च्या दशकाअखेरीस ही वाटी टेफ्लॉनची केली. काही वर्षांतच ती झिजली, कणांमुळे आजूबाजूचं हाड-मांस बिघडलं आणि पुन्हा ऑपरेशनं करावी लागली. १९६२ साली त्यांनी चिवट पॉलिथिलीन घेतलं, ते टिकलं. म्हणजे काय, तर खरा धोका झिजेचा.

पुढे डीप्यू या जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपनीने 'एएसआर' सांधा आणला. गोळा धातूचा, वाटीही धातूची. वाटी उथळ असल्याने भार काठावर यायचा, काठ घासायचा आणि कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरायचं. ऑस्ट्रेलियात बदललेल्या सांध्यांची देशभर नोंद ठेवतात. हा सांधा वारंवार काढावा लागतोय, हे त्या नोंदीतून दिसलं. २००९च्या शेवटी तिथली विक्री थांबली. ऑगस्ट २०१०मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. तोवर सुमारे ९३ हजार सांधे बसले होते!

आपल्या देशात अशी सुमारे ४,७०० ऑपरेशनं झाली होती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत गुन्हा नोंदवला. केंद्राने समिती नेमली २०१७ साली, आणि भरपाईचं सूत्र ठरलं २०१८च्या अखेरीस: ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. पण द्यायची कुणाला? साडेतीन हजारांहून जास्त पेशंटांचा पत्ताच लागला नव्हता. ऑस्ट्रेलियाकडे नोंद होती, आपल्याकडे नव्हती. दुखणाऱ्या माणसाला तर वाटत राहणार, वयच झालं आता.

तेव्हा एक करा. सांध्याच्या खोक्यावर कंपनीचं नाव आणि लॉट नंबर असलेले स्टिकर असतात. त्यातला एक डिस्चार्ज कार्डावर लावून मागा. ऑपरेशन जुनं असेल, तर हॉस्पिटलकडे केसपेपरची प्रत मागा. आणि सातबारा ठेवता ना, त्याच पिशवीत ठेवा.

भेटूया पुढच्या भागात.