जावाची साखर, कोपरगावचा ऊस

१९३० च्या सुमारास हिंदुस्थान वर्षाला दहा लाख टनांच्या घरात साखर बाहेरून आणत होता. उसाचा आणि गुळाचा हा देश. पांढरी साखर मात्र मुख्यतः डचांच्या जावातून यायची. मंदीत जगभर भाव कोसळले, टॅरिफ बोर्डाने पंधरा वर्षांच्या संरक्षणाची शिफारस केली आणि १९३२ मध्ये साखर उद्योग संरक्षण कायदा झाला. हंड्रेडवेटला, म्हणजे सुमारे ५१ किलोंना, सव्वासात रुपये जकात, वर अधिभार. पाच वर्षांत आयात जवळजवळ थांबली. तिसेक कारखान्यांचे शंभरावर झाले.

या भिंतीच्या आडोशाला कोपरगाव वाढले. दुष्काळावरचा उपाय म्हणून काढलेले गोदावरीचे कालवे आधीच वाहत होते. करमशी जेठाभाई सोमैया यांची गोदावरी शुगर मिल्स १९३९ सालची. साकरवाडी आणि लक्ष्मीवाडी तिचीच. सहकारी कारखाने स्वातंत्र्यानंतर आले: कोळपेवाडीचा शंकरराव काळ्यांच्या, संजीवनी शंकरराव कोल्ह्यांच्या नावाशी जोडलेला.

मला मौज वाटते ती बेण्याची. जावाची साखर बंदरात अडवली, पण जावाचा ऊस आमच्या शेतात शिरलाच! दख्खनच्या कालव्यांवर गाजलेला को ४१९ कोइमतूरच्या केंद्राचा. त्याची आई पीओजे २८७८, ही जावातल्या डच संशोधकांची जात. खरी स्पर्धा या संशोधनाच्या वाफ्यात लढली गेली, असे मी मानतो. जकातीने फक्त उसंत दिली.

१९५० मध्ये ते संरक्षण उठले, सवय राहिली. उसाचा भाव दिल्ली ठरवते, २०१८ पासून साखरेचा किमान विक्रीदरही. त्याच वर्षी आयात शुल्क ५० वरून १०० टक्के झाले. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला जागतिक व्यापार संघटनेत गेले. उसाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडतो, असा निकाल डिसेंबर २०२१ मध्ये भारताविरुद्ध लागला. भारताने अपील केले, पण अपील ऐकणारे मंडळच सदस्यांअभावी ठप्प आहे. त्या दहा टक्क्यांच्या गणितात कालव्याचे पाणी धरलेले नाही. खाली जायकवाडीसाठी मराठवाडा त्याच पाण्याकरिता कोर्टात भांडतो.

साकरवाडीत आता साखर होत नाही. अल्कोहोलपासून रसायने होतात, परदेशी जातात. इतर कारखान्यांनीही कर्जे काढून इथेनॉलची वाट धरली होती. ७ डिसेंबर २०२३ रोजी दिल्लीने उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका असे कळवले, आठ-दहा दिवसांत ते थोडे सैल केले. उसाचा गळीत हंगाम तेव्हा ऐन भरात होता.