खुंटी, कडी आणि टीम बिल्डिंग

हैदराबादच्या माधापूर-गच्चीबावली पट्ट्यातल्या कंपन्या अधूनमधून आपल्या माणसांना बसमध्ये बसवून रामोजी फिल्म सिटीला, नाहीतर गावाबाहेरच्या एखाद्या रिसॉर्टवर नेतात. डोळ्यांना पट्टी बांधून चालायचं, कपांचे मनोरे रचायचे, रस्सीखेच खेळायची, जेवून परतायचं. ही टीम बिल्डिंग आयटीबरोबर या शहरात आली, असं सर्रास समजलं जातं. पण सायबर टॉवर्सचं उद्घाटन १९९८चं. प्रौढ, कर्त्या माणसांना गटात बसवून, खेळायला लावून काम शिकवण्याचे प्रयोग हैदराबादेत त्याच्या तीस-चाळीस वर्षं आधी सुरू झाले होते.

त्यातली एक शाखा थेट लष्करातून येते. १९५६ साली इथे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया स्थापन झालं. जागा होती बेला व्हिस्टा, म्हणजे निजामाच्या थोरल्या मुलाचा, आझम जाहचा महाल. त्याचा किताब 'प्रिन्स ऑफ बेरार', आपल्या वऱ्हाडचा! कॉलेजचा नमुना इंग्लंडमधल्या हेन्लीचा, आणि हेन्लीची शिकवण्याची रीत लष्करी स्टाफ कॉलेजांची. तिथे व्याख्यानापेक्षा 'सिंडिकेट'ला मान. वेगवेगळ्या खात्यांतले आणि कारखान्यांतले दहाएक अधिकारी एका टेबलाभोवती बसवायचे, एक प्रश्न द्यायचा, अध्यक्ष आणि चिटणीस त्यांच्यातलेच, तेही आळीपाळीने. हुद्दा बाजूला ठेवून दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय अहवाल पुराच होत नसे. या कॉलेजचे सुरुवातीचे प्राचार्य होते जनरल सत्यवंत श्रीनागेश. जन्म कोल्हापूरचा, १९५७पर्यंत देशाचे लष्करप्रमुख. लष्करी रीत मुलकी अधिकाऱ्यांत रुजवायला याहून योग्य माणूस कुठला मिळणार?

टीम बिल्डिंगमधले फळ्या, पिंपं आणि दोर घेऊन 'ओढा' ओलांडण्याचे खेळही मूळचे लष्करी निवडीतले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराला अधिकारी कमी पडू लागले, तेव्हा विल्फ्रेड बायन या मानसतज्ज्ञाने उमेदवारांचा गट कोणालाही म्होरक्या न नेमता कामाला लावून पाहिला. आपल्याकडे १९४३ साली डेहराडूनला या पद्धतीच्या निवडीचे प्रयोग सुरू झाले. गट पलीकडे पोचला की नाही, हा तपशील तिथे दुय्यम होता. अडल्यावर कोण कसा वागला, यावर परीक्षकांची नजर असे.

दुसरी शाखा मात्र मला अधिक मोलाची वाटते, कारण ती साहेबांसाठी नव्हती. १९६२ साली लघुउद्योगांसाठीची प्रशिक्षण संस्था दिल्लीहून हैदराबादला आली. तिचं सुटसुटीत नाव 'सिएट'. हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४च्या सुमारास काकीनाड्याच्या व्यापारी-कारखानदारांना इथे निवासी वर्गासाठी आणवलं. गिरणीवाले, दुकानदार अशी ही माणसं. आणि त्यांच्या हातात दिल्या दोरीच्या कड्या.

खेळ साधा. जमिनीवर एक खुंटी, तिच्यात कडी अडकवायची. उभं कुठून राहायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. काही जण खुंटीला चिकटून उभे राहतात, कडी पडतेच. काही लांब जातात. पडली तर नशीब, नाही पडली तरी कोणी नावं ठेवत नाही. काही जण मात्र मधलं अंतर निवडतात, चुकले की पाऊल पुढे-मागे करतात. खेळ संपल्यावर खरं काम सुरू होई: तुम्ही तिथेच का उभे राहिलात? धंद्यातही असेच उभे राहता का? पुढे मॅक्लेलंड आणि डेव्हिड विंटर यांनी या मंडळींची प्रगती शेजारच्या, प्रशिक्षण न मिळालेल्या राजमहेंद्रीच्या व्यापाऱ्यांशी ताडून पाहिली. काकीनाड्याचे लोक नव्या उद्योगांत, गुंतवणुकीत अधिक धडपडताना दिसले. १९६९ साली त्यावर पुस्तक निघालं.

हे खेळ मग उद्योजकता विकासाच्या वर्गांतून देशभर गेले. १९८८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं मुख्यालय आजच्या छत्रपती संभाजीनगरचं, म्हणजे एके काळच्या निजामी मुलखातलंच. अशा वर्गांतला मनोऱ्याचा खेळ तर पाहण्यासारखा असतो. एक जण 'कामगार': डोळ्यांवर पट्टी, डावखुरा नसेल तर डाव्या हाताने ठोकळ्यावर ठोकळा ठेवायचा. बाजूला 'सुपरवायझर' आणि 'मॅनेजर'. किती ठोकळे रचणार, हे आधी सांगायचं. मॅनेजर बेधडक मोठा आकडा बोलतो, सुपरवायझर "डावीकडे, अजून डावीकडे" म्हणत राहतो, आणि मनोरा कोसळला की दोघंही पट्टीवाल्याकडे बघतात. एवढ्या दहा मिनिटांत एका कारखान्याचा कारभार उघडा पडतो.

आजच्या रिसॉर्टवर नेमका पुढचा तासच गळून जातो. पट्टी सुटते, फोटो निघतो, बुफे लागतो. आकडा कोणी ठरवला आणि तो ठरवताना हात चालवणाऱ्याला विचारलं का, हे कोणी विचारत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या प्रश्नासाठीच तर खेळ होता.

सिएटचं नाव आता राष्ट्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्यम संस्था. ती युसूफगुड्यात आहे, हायटेक सिटीपासून काही किलोमीटरवर. पुढच्या सहलीची जागा ठरवणाऱ्यांनी आधी तिथे चौकशी करावी. आणि जागा कुठलीही ठरली तरी बुफेआधीचा एक तास मॅनेजरांना त्यांचा आकडा विचारण्यासाठी राखून ठेवावा.